प्रापंचिकाचे शौर्य

एखादा पोलीस अधिकारी निवर्तला म्हणजे शोकसभेत आणि वर्तमानपत्राच्या चौकटीत एक वाक्य हमखास येते: ते कर्तव्यदक्ष अधिकारी आणि कुटुंबवत्सल गृहस्थ होते. वाक्य चांगले आहे आणि पुष्कळदा ते खरेही असते. परंतु त्यातील ‘आणि’ हा शब्द आपण फार सहज उच्चारतो. कर्तव्य आणि कुटुंब या जणू एकाच दावणीला बांधलेल्या दोन गरीब गाई आहेत, असा आपला समज दिसतो. पोलिसाच्या घरी जाऊन विचारावे. मुलीचा वाढदिवस, आईचे दुखणे, गणपतीचे दिवस, दिवाळीची पहाट, यांपैकी किती वेळा तो घरी होता? नाताळच्या मध्यरात्री मिस्सा आटोपून आपण मुलाबाळांसह हसतखेळत चर्चच्या फाटकातून बाहेर पडतो, तेव्हा फाटकाशी जो हवालदार उभा असतो त्याचीही मुले कोठे तरी झोपलेली असतात. वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत आठ दिवस लोटणाऱ्या गर्दीला वाट करून देणारा शिपाई आपल्या घरच्या माणसांना त्या आठ दिवसांत कितीसा दिसत असेल?

म्हणजे हा ‘आणि’ रोजच ताणला जातो. क्वचित एखाद्या प्रसंगी तो असा ताणला जातो की तुटेल की काय असे वाटते. अशा एका प्रसंगाच्या आधाराने मला एक प्रश्न आपल्यापुढे मांडावयाचा आहे. ज्याच्या जिवावर चार जीव अवलंबून आहेत, त्याला आपला जीव धोक्यात घालण्याचा नैतिक अधिकार आहे काय? की तो जीव आधीच दुसऱ्यांचा झालेला असतो?

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र मुंबई-वसईच्या वडीलधाऱ्या वाचकांना सांगावी लागत नाही. परंतु त्यानंतर जन्मलेली मुले आता दृढीकरणाच्या वयाला पोचली आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. समुद्रमार्गे आलेल्या दहा हल्लेखोरांनी मुंबईत १६६ माणसांचे प्राण घेतले. त्यांपैकी दोघे, अजमल कसाब आणि अबू इस्माईल, छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गाडीची वाट पाहत बसलेल्या प्रवाशांवर गोळ्या झाडून कामा रुग्णालयाकडे गेले. तेथून जवळच, रंगभवनच्या गल्लीत, हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तीन अधिकारी धारातीर्थी पडले. पोलिसांचीच गाडी घेऊन मारेकरी पुढे निघाले. ती निकामी झाल्यावर त्यांनी वाटेत एक स्कोडा गाडी बळकावली आणि मरीन ड्राइव्हने ते गिरगाव चौपाटीकडे आले. तेथे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पोलीस ठाण्याच्या माणसांनी नाकाबंदी केली होती. मध्यरात्र उलटून गेली होती. गाडी अडथळ्यांच्या अलीकडे थांबली, वळून निसटण्याच्या प्रयत्नात दुभाजकाला अडकली. चकमकीत इस्माईल मारला गेला. कसाब बाहेर आला तोच सहायक फौजदार तुकाराम गोपाळ ओंबळे त्याच्यावर झेपावले. त्यांच्याजवळ लाठी होती. समोर एके-४७ रायफल होती. त्यांनी त्या रायफलीची नळी हातांनी धरली. गोळ्या त्यांच्या शरीरात शिरत राहिल्या आणि त्यांनी नळी धरून ठेवली. तेवढ्या अवधीत सहकाऱ्यांनी कसाबला जेरबंद केले. दहा हल्लेखोरांपैकी जिवंत हाती लागलेला तो एकटाच.

ओंबळे सातारा जिल्ह्यातील केडंबे या गावचे. आधी सैन्यात सिग्नल विभागात नोकरी, तेथून निवृत्त होऊन १९९१ मध्ये मुंबई पोलीस दलात प्रवेश. घरी पत्नी आणि चार मुली. २६ जानेवारी २००९ रोजी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. रणांगणाबाहेरील शौर्यासाठी आपल्या देशात यापेक्षा मोठा सन्मान नाही. चौपाटीजवळ आज त्यांचा पुतळा आहे. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या, उडी मारून भक्ष्य पकडणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला संशोधकांनी त्यांचे नाव दिले. हा सन्मान मला सर्व सन्मानांत अधिक आवडतो. त्यात भाषणे झाली नसतील, आणि माणसाच्या त्या एका झेपेची आठवण शास्त्राच्या पुस्तकात कायमची राहिली.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. चार मुलींच्या बापाने ती नळी का धरावी? हा प्रश्न उद्धट वाटेल, परंतु तो विचारला पाहिजे. कारण आपण विचारला नाही तरी असल्या प्रत्येक घरात तो रात्री-अपरात्री विचारला जातो. त्यावर आपल्याकडे दोन तयार उत्तरे आहेत. एक उत्तर असे की देश आधी, घर नंतर. सभेत टाळ्या मिळवणारे हे उत्तर आहे. पण ते खरे मानले तर घर ही दुय्यम गोष्ट ठरते, आणि ज्याला घरच नाही तो अधिक चांगला नागरिक ठरतो. दुसरे उत्तर कोणी मोठ्याने देत नाही, पुटपुटते: आधी आपली माणसे, मग जग. ते खरे मानले तर नाकाबंदीवर उभा राहायला माणूस मिळणार नाही, आणि मग कोणाचेच घर सुरक्षित राहणार नाही. दोन्ही उत्तरे एकच चूक करतात. प्रेमाची एकच उतरंड आहे आणि ती सर्व प्रसंगी सारखीच लागू पडते, असे दोन्ही गृहीत धरतात.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाचा फार शांतपणे विचार केला आहे. कोणावर अधिक प्रेम करावे, रक्ताच्या माणसांवर की इतरांवर, असा प्रश्न घेऊन त्यांनी ॲरिस्टॉटलच्या आधाराने जे उत्तर दिले, त्याचा मथितार्थ असा: पोषण, संगोपन, जिव्हाळा अशा निसर्गाने जोडलेल्या बाबींत रक्ताच्या नात्याचा मान पहिला. नगराच्या कारभारात सहनागरिकांचा मान पहिला. आणि युद्धभूमीवर आपल्या शेजारी उभ्या असलेल्या सैनिकाचा. प्रत्येक नात्याला त्याचे त्याचे क्षेत्र आहे आणि त्या क्षेत्रात त्याचा हक्क खरा आहे. पगाराच्या दिवशी घरच्या धान्याचे पैसे शेजाऱ्याला देऊन टाकणारा बाप उदार म्हणवून घेऊ शकत नाही. तसाच, नाकाबंदीवर उभा असताना पत्नी आणि मुले आठवून बाजूला सरणारा शिपाई कुटुंबवत्सल ठरत नाही. त्या रात्री, त्या रस्त्यावर ओंबळे यांच्या शेजारी त्यांचे सहकारी उभे होते आणि त्यांच्यामागे झोपलेले शहर होते. त्या जागेवर पहिला हक्क त्यांचा होता. याचा अर्थ घरचा हक्क संपला होता असा मुळीच नाही. तो हक्क तसाच राहिला, आणि त्याचे काय झाले, हे पुढे पाहू.

या विवेचनावर एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. प्राणांवर उदार होणे हेच जर शौर्य, तर त्या रात्री प्राणांवर उदार झालेले समोरही होते. ते दहा जण परत जाण्यासाठी आलेले नव्हते. त्यांनाही मरणाची भीती नव्हती, किंवा असलीच तर त्यांनी ती गिळली होती. मग रायफलीच्या एका टोकाला असलेला आणि दुसऱ्या टोकाला असलेला, यांच्यांत फरक कोणता?

संत अगस्तीन यांनी चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेत हाच प्रश्न हाताळला होता. माणूस हुतात्मा ठरतो तो त्याने भोगलेल्या यातनेमुळे नव्हे, ज्या कारणासाठी त्याने ती भोगली त्या कारणामुळे, असे त्यांचे म्हणणे. हे आपण मान्य करतोच. पण मला वाटते, येथे कारणाखेरीज आणखीही एक फरक आहे, आणि तो ‘कुटुंबवत्सल’ या शब्दात दडलेला आहे. ज्याने जगण्याशी असलेले सर्व धागे आधीच तोडून टाकले आहेत, त्याच्या मरणाच्या तयारीत त्यागाचा अंश किती? त्याने जे टाकले ते त्याच्या लेखी आधीच टाकाऊ झालेले होते. ओंबळे यांना सकाळी घरी जायचे होते. त्यांना मरायचे नव्हते. मरण हा त्यांचा हेतू नव्हता आणि साधनही नव्हते. बंदुकीचे तोंड दुसऱ्या कोणाकडे वळू नये, हा हेतू होता. मरण समोर दिसत असूनही त्यांनी हात काढून घेतला नाही, एवढेच म्हणता येते, आणि एवढे पुरे आहे. हेतू आणि दिसत असलेला परिणाम यांतील हा भेद नीतिशास्त्र शिकवणारे वर्गात फार कोरडेपणाने समजावून सांगतात. चौपाटीवरच्या त्या प्रसंगात तो कोरडा राहत नाही. जगणे ज्याला हवेसे होते त्याने ते दिले, म्हणून त्या देण्याला किंमत आली. पत्नी आणि चार मुली हा त्यांच्या शौर्यातील अडथळा नव्हता. त्या देण्याचे मोल त्यांच्यामुळे ठरले.

वाचकांपैकी काहींना साल्वो द’अक्विस्तो हे नाव आठवत असेल. हा इटलीतील काराबिनियेरी या पोलीसदलाचा तरुण अधिकारी. सप्टेंबर १९४३ मध्ये रोमजवळच्या पालिदोरो येथे एका स्फोटात जर्मन सैनिक सापडले. जर्मनांनी तो घातपात ठरवला, गावातील बावीस निरपराध लोक ओलीस धरले आणि त्यांच्याकडूनच त्यांची कबर खणून घेतली. तेव्हा द’अक्विस्तो याने, त्याचा काहीही संबंध नसताना, सर्व दोष स्वतःच्या माथी घेतला. ओलीस सुटले, त्याला गोळ्या घातल्या गेल्या. त्याला तेवीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी, दुसऱ्यासाठी स्वेच्छेने प्राण अर्पण करणे हा संतपदाच्या विचारासाठी एक स्वतंत्र मार्ग म्हणून मान्य केला आणि त्याच मार्गाने फेब्रुवारी २०२५ मध्ये द’अक्विस्तो याच्या आत्मसमर्पणाला मान्यता मिळाली.

या दोन पोलिसांत मला दोन भेद दिसतात. द’अक्विस्तो अविवाहित होता. त्याच्यामागे आईवडील होते, पण त्याच्या मिळकतीवर वाढणारी मुले नव्हती. आणि त्याला विचार करायला वेळ मिळाला होता, कबर खणून होईपर्यंतचा भयंकर वेळ. ओंबळे यांना क्षण मिळाला. आता असे वाटेल की विचारपूर्वक केलेले कृत्य श्रेष्ठ आणि क्षणात घडलेले ते केवळ आवेगाचे. ॲरिस्टॉटल नेमके उलट म्हणतो, आणि संत थॉमस त्याला दुजोरा देतात. जे संकट आधी दिसते, त्याला तोंड देण्यासाठी माणूस मनाची तयारी करू शकतो, हिशेब करू शकतो, उसने बळ आणू शकतो. अचानक येणाऱ्या संकटाला तोंड देताना त्याच्याजवळ जे आधीपासून मुरलेले असते तेवढेच कामी येते. म्हणून अवचित प्रसंगात माणसाचा खरा स्वभाव दिसतो. त्या क्षणी ओंबळे यांनी काही ठरवले असे म्हणणेच कदाचित बरोबर नाही. ठरवण्याचे काम आधी कित्येक वर्षे होत आले होते.

ते कोठे होत होते? सैन्यात, कवायतीच्या मैदानावर, पोलीस ठाण्याच्या हजेरीत, असे आपण सांगू, आणि ते खरे आहे. परंतु घराचे नाव आपण त्या यादीत घालत नाही. माझ्या मते ती मोठी चूक आहे. संसार ही टिकून राहण्याची शाळा आहे. पगार पुरो वा न पुरो, महिना काढायचा असतो. लेकरू तापाने फणफणले तर बारा तास उभे राहून आलेल्या पायांनी पुन्हा दवाखाना गाठायचा असतो. आपल्याला हवे ते बाजूला ठेवून दुसऱ्याला हवे ते करणे, ही गोष्ट गृहस्थाश्रमात इतक्या वेळा घडते की तिची मोजदाद कोणी ठेवत नाही. मोजदाद नसलेल्या त्या सवयी हातात उतरतात. आपल्याकडे प्रपंच आणि परमार्थ यांची उगीचच फारकत करून ठेवली आहे. ओंबळे यांचे नाव ज्या संताचे, तो देहूचा वाणी स्वतः प्रापंचिक होता, हेही आपण विसरतो. आम्हा अविवाहित धर्मगुरूंनी तर हे विशेष लक्षात ठेवले पाहिजे. आम्ही त्यागावर प्रवचने देतो आणि समोर बाकांवर बसलेले आईबाप ती मुकाट्याने ऐकून घेतात.

संत थॉमस यांच्या विवेचनातील आणखी एक गोष्ट येथे नोंदवतो, कारण ती या प्रसंगाला विलक्षण लागू पडते. धैर्याची दोन कामे आहेत, असे ते म्हणतात: चाल करून जाणे आणि टिकून राहणे. सामान्य समज असा की चाल करून जाणाराच शूर. थॉमस टिकून राहण्याला वरचे स्थान देतात. त्यांची कारणे अगदी साधी आहेत. चाल करणारा स्वतःला बलवान समजत असतो; टिकून राहणाऱ्यासमोर आपल्याहून बलवान असतो. चाल करणाऱ्याला संकट पुढे येणार असते; टिकून राहणाऱ्यावर ते आलेले असते. आणि चाल क्षणात संपते, टिकून राहायला अवधी लागतो. ओंबळे यांनी झेप घेतली, तिचे आपण कौतुक करतो. पण त्यांचे खरे काम झेपेनंतरचे आहे. पहिली गोळी लागल्यावर हात सोडणे हा शरीराचा धर्म होता. तो अवधी घड्याळात किती भरला असेल, कोण जाणे. तेवढ्यात पुढचे सर्व घडले.

पुढे जे घडले तेही मोलाचे आहे. पकडणाऱ्यांनी कसाबला लाठ्यांनी झोडपले, पण ठार केले नाही. आपले साथीदार डोळ्यांदेखत पडत असताना हे सोपे नव्हते. त्यानंतर खटला उभा राहिला. ज्याला बहुतेकांनी रस्त्यावरच संपवले असते, त्याला वकील मिळाला, पुरावे तपासले गेले, २०१० मध्ये विशेष न्यायालयाने शिक्षा सुनावली, ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत तपासली गेली, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवड्यात फाशी झाली. देहदंडाविषयी माझे आणि ख्रिस्तसभेचे मत वेगळे आहे. तो विषय येथे काढत नाही. येथे एवढेच सांगायचे आहे की त्याच खटल्यात आरोपी म्हणून उभे केलेले दोन भारतीय पुराव्याअभावी निर्दोष सुटले. म्हणजे ते न्यायालय होते, सूड नव्हता. एका सहायक फौजदाराने नळी धरून ठेवली म्हणून ते न्यायालय भरू शकले.

आता राहिला घरचा हक्क. तो संपला नव्हता, असे वर म्हटले. मग त्याची जबाबदारी कोणावर गेली? ज्यांच्यासाठी तो बाजूला ठेवला गेला त्यांच्यावर, म्हणजे आपल्यावर. सैन्यात किंवा पोलिसांत भरती होताना माणूस सही करतो. त्याची पत्नी करत नाही, मुली करत नाहीत. तरी देणे त्यांच्याकडूनच वसूल होते, तेही हप्त्याहप्त्याने: शाळेच्या अर्जावर, लग्नाच्या मांडवात, दर २६ नोव्हेंबरला कॅमेरे घेऊन येणाऱ्या मंडळींसमोर. एका रात्रीचे मरण आपल्याला आठवायला सोयीचे जाते, कारण ते पूर्ण झालेले आहे आणि आपल्याकडून काही मागत नाही. आयुष्य आठवायला गेले तर ते मागू लागते.

‘लाठीने एके-४७ चा सामना केला’ हे वाक्य आपण छाती फुगवून म्हणतो. मला ते ऐकताना संकोच वाटतो. हातात लाठीच का होती? हल्ल्यानंतर राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीने पोलिसांची शस्त्रे आणि गोळीबाराचा सराव यांतील उणिवा नोंदवल्या आहेत. एखाद्याच्या शौर्याने आपली हयगय झाकली जाणे, हे त्या शौर्यावर अन्याय करण्यासारखे आहे. वेळेचीही तीच गोष्ट. बारा तासांची पाळी, बंदोबस्त लागला तर त्याहून अधिक, हा मुंबई पोलिसांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला तो २०१६ मध्ये, देवनार पोलीस ठाण्यात, आणि त्याची कल्पना एका साध्या शिपायाने मांडली होती. माझ्या दृष्टीने त्या शिपायाने मांडलेले वेळापत्रक हे कित्येक पुतळ्यांच्या तोडीचे आहे. त्याने बापांचे चार-चार तास घरांना परत मिळवून दिले.

दर वर्षी २१ ऑक्टोबरला देशभर पोलीस स्मृतिदिन पाळला जातो. १९५९ मध्ये लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान मृत्युमुखी पडले, त्यांची ही आठवण. त्या दिवशी वर्षभरात कामी आलेल्या पोलिसांची नावे एकामागून एक वाचली जातात. नुसती नावे, कोणाच्या घरी किती मुले हे त्यात नसते, आणि असायलाही नको, कारण ते त्या घराचे आहे. आपल्या धर्मग्रामात विश्वासूंच्या प्रार्थना म्हणताना ती नावे घ्यावीत, निदान आपल्या तालुक्यातील तरी, असे मला सुचवावेसे वाटते. सकल मृतांचा दिवस त्यानंतर बारा दिवसांनी येतो. केडंबे येथे ओंबळे यांच्या स्मारकासाठी २०२५ मध्ये राज्य सरकारने निधी मंजूर केला आहे. कधी महाबळेश्वरच्या वाटेवर गेलात तर मेढ्याकडे वळून ते गाव पाहून या. डोंगर उतारावरची भातखाचरे, मुंबईला गेलेल्या मुलांच्या पैशाची वाट पाहणारी घरे, असा तो जावळीचा मुलूख आहे. तेथून फौजेत आणि पोलिसांत जाण्याची वाट जुनी आहे, आणि त्या वाटेने अजूनही मुले जात आहेत.